चॉकलेट तीसवरून वीसवर ‘वाढतं’ तेव्हा

फळ्यावर मी दोन आकडे लिहिते. गेल्या आठवड्यात ३० ग्रॅम, या आठवड्यात २० ग्रॅम. त्याखाली एक बातमी: चॉकलेटचा शिधा वाढवून आठवड्याला २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले. मुलं एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी धीर करून म्हणतं, ‘‘बाई, लिहिताना चुकलंय तुमचं.’’

चुकलेलं नसतं. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीत नेमकं हेच घडतं. शिधा तीसवरून वीसवर आल्याची बातमी येऊन एक दिवस उलटलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच वीसचा आकडा ‘वाढ’ म्हणून सांगितला जातो. कँटीनमध्ये बसलेली माणसं मान डोलावतात. नायक विन्स्टन चकित होतो, की कालची गोष्ट आठवणारा मी एकटाच आहे की काय? पण ऑर्वेलची खरी करामत त्याच्या थोडी आधी आहे. सरकारनं वर्षाच्या सुरुवातीला शिधा कमी करणार नाही असं वचन दिलेलं असतं. जुन्या वर्तमानपत्रातलं ते वचन पुसून तिथं ‘कदाचित कमी करावा लागेल’ असं लिहिणारा कारकून कोण? तर हाच विन्स्टन. त्याचं ते रोजचं काम असतं आणि ते तो मन लावून करतो.

इथवर आलं की मुलांचं हसू थांबतं आणि खरी चर्चा सुरू होते.

दर शनिवारी नववी ते अकरावीची दहा-बारा मुलं आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जमतात आणि आम्ही काहीतरी वाचतो. कथा, प्रवासवर्णन, कधी नुसती वर्तमानपत्रं. त्यात गेली काही वर्षं डिस्टोपियन गोष्टी येऊ लागल्या, आणि पालकांचा प्रश्नही ठरलेला: ‘‘आधीच टेन्शन कमी आहे का मुलांना? हे असलं भयाण कशाला वाचायला देता?’’ प्रश्न रास्त आहे. हा लेख म्हणजे त्याचंच जरा लांबलेलं उत्तर.

आधी शब्दाची ओळख

टॉमस मोर या इंग्रज लेखकानं १५१६ मध्ये एका आदर्श बेटाचं वर्णन लिहिलं आणि त्या बेटाला युटोपिया म्हटलं. आपण ज्याला सहज ‘रामराज्य’ म्हणतो, साधारण तसं. त्याच्या उलट टोकाचं जग म्हणजे डिस्टोपिया. १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या जमिनीच्या प्रश्नावर बोलताना जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं सरकारला हा शब्द टोमण्यासारखा वापरला. युटोपियावाले म्हणावं तर ते तुमचं कौतुक होईल, तुम्ही डिस्टोपियावाले, असा त्याचा रोख होता. (हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केलेला. तेव्हा सरकारी कागदांची भाषा त्याला चांगलीच ठाऊक असणार.)

पण व्याख्या पाठ करून काही हाती लागत नाही. भुताची गोष्ट भीतीदायक असते, भूकंपाची गोष्ट दुःखद असते, तरी त्या डिस्टोपिया नव्हेत. डिस्टोपियातल्या वाईटाला वेळापत्रक असतं. त्याला फॉर्म असतात, शिक्के असतात, कचेऱ्या असतात, सकाळी नवाला कामावर येणारी माणसं असतात. तिथल्या बहुतेकांना ते जग नेहमीचंच वाटतं आणि थोड्यांना तर ते आदर्शच वाटत असतं. त्यामुळे अशी गोष्ट वाचल्यावर मुलं हमखास विचारतात, ‘‘असं खरंच होईल का?’’ हा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगते. भविष्य सांगायला आपल्याकडे ज्योतिषी पुष्कळ आहेत. त्याऐवजी विचारायचं ते असं: ही माणसं इथवर आली कशी? पहिल्यांदा कुणी कशाला ‘चालेल’ म्हटलं? त्यात कुणाची सोय झाली? माझ्या अनुभवात या प्रकारच्या वाचनातून मुलांना जे काही मिळतं, ते याच प्रश्नांच्या पोटात असतं.

नोंद कुणाच्या ताब्यात?

पुन्हा चॉकलेटकडे. मी विचारते, काल ३० होते हे तुम्ही सिद्ध कसं कराल? उत्तरं पटापट येतात. जुना पेपर दाखवू. जुना पेपर तर बदललाय. मग आठवतंय ना आम्हाला! बाकी सगळे नाही म्हणाले तर? मग एक मुलगी म्हणाली, स्क्रीनशॉट काढून ठेवू. लगेच मागून आवाज आला, ‘‘स्क्रीनशॉट काय, दोन मिनिटांत एडिट होतो.’’ हे सांगणारा मुलगा त्या बाबतीत तज्ज्ञ असावा.

मग एकानं जे सांगितलं, ते मला तोवर सुचलं नव्हतं. त्याच्या घरी जमिनीची भानगड चालू होती. तो म्हणाला, ‘‘बाई, सातबाऱ्यावर असं करता येत नाही. जुनं नाव कंसात जातं.’’

ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीच्या उताऱ्यावर मालकाचं नाव बदललं, तर जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन फेरफार नोंदवहीत गेलं की कळतं, बदल कधी झाला, कशाच्या आधारे झाला, विक्रीनं, वारसानं की आणखी कशानं. म्हणजे कागदावर आजचं सत्य आहेच, शिवाय ते कालपर्यंत काय होतं आणि का बदललं, याची वाटही आहे. आता हा सगळा कारभार प्रत्यक्षात किती सरळ चालतो, हे ज्याचं त्याला माहीत. पण रचना तशी आहे.

ऑर्वेलच्या कचेरीत नेमकी ही वाट बुजवली जाते. तिथं भिंतीत एक भोक आहे, त्यात कागद टाकला की तो भट्टीत जातो. त्याला नाव मात्र स्मृतीचं विवर. जुनं नाव कंसात जाणं आणि जुनं नाव भट्टीत जाणं यातला फरक त्या शनिवारी दहा-बारा पोरांना असा कळला, की ‘इतिहासाची साधने’ हा धडा मी चार वेळा शिकवला असता तरी कळला नसता. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोघींनी शाळेच्या सूचनाफलकावरच्या तारखा वहीत उतरवायला सुरुवात केली. सहलीची तारीख तीनदा बदलली होती आणि प्रत्येक वेळी ‘पूर्वी कळवल्याप्रमाणे’ असं लिहिलं होतं. गोष्ट छोटी आहे, पण कादंबरी वाचली नसती तर ‘पूर्वी कळवल्याप्रमाणे’ हे शब्द कुणाच्या डोळ्याला खुपले नसते.

शब्द काढून घेतले तर

त्याच कादंबरीत एक माणूस शब्दकोश तयार करतोय, पण उलटा. दर आवृत्तीला शब्द वाढत नाहीत, कमी होतात. ‘वाईट’ हा शब्द कशाला हवा? ‘अचांगलं’ म्हणा. ‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’, ‘झकास’ कशाला? ‘चांगलं’च्या आधी एक ‘जादा’ लावा, फारच असेल तर ‘दुप्पटजादा’ लावा. उद्देश असा की बंडाचा शब्दच नसेल तर बंडाचा विचार तरी कसा येणार?

यावर मी एक खेळ घेते. पाण्याचा टँकर तीन दिवस आलेला नाही, ग्रामपंचायतीला पत्र लिहा. अट एकच. हक्क, मागणी, तक्रार, निषेध, जबाबदार, दिरंगाई, उत्तर हे शब्द बंद. पंधरा मिनिटं पेनं चावली जातात. मग जी पत्रं येतात ती सगळी एकसारखी असतात: विनंती, कृपा, सहकार्य, आभारी. एका मुलानं लिहिलं होतं, ‘टँकर आल्यास आम्हाला आनंद होईल.’ वाचून दाखवताना तो स्वतःच वैतागला. म्हणाला, ‘‘हे वाचून कुणी टँकर पाठवणार नाही. मीपण नसता पाठवला.’’

मात्र एका मुलीनं पत्राच्या शेवटी एवढंच लिहिलं, ‘आपण सुज्ञ आहात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ आणि वर्ग खदाखदा हसला, कारण बंदीतला एकही शब्द न वापरता ग्रामपंचायतीचा आड कोरडा असल्याचं तिनं सांगून टाकलं होतं.

म्हणून हा धडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. शब्द नसेल तर विचारच नाही, हे ऑर्वेलच्या सरकारचं गृहीतक भाषेचे अभ्यासक जसंच्या तसं मानत नाहीत, आणि मुलांनाही ते पटत नाही. माणसं म्हणीतून, गाण्यातून, पुराणकथेतून बोलायचं ते बोलतात. आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. १९०७ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, विराटाच्या घरची. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत हिंदुस्थान दिसला, धर्मराज मवाळ आणि भीम जहाल वाटला. नाटकात कर्झनचं नाव कुठंही नाही. तरी १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. ‘कीचकवध’ म्हणजे काही डिस्टोपिया नव्हे, पण न लिहिलेलं वाचण्याची जी सवय त्या प्रेक्षकांना होती, ती डिस्टोपिया वाचताना लागते. ती आपल्याकडे परकी नाही.

या खेळाचा परिणाम मात्र घरापर्यंत जातो. मुलं सरकारी आणि बाजारू शब्द पकडू लागतात. ‘भारनियमन’ पाहा. घरात मिट्ट काळोख, पंखा बंद, पाटा-वरवंटा काढायची वेळ, आणि शब्द असा की जणू कुणी शिस्तीत काहीतरी लावून ठेवतंय! ‘अतिक्रमण निर्मूलन’ म्हटलं की घर पाडलं हे ऐकू येत नाही. उलट ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द प्रामाणिक आहेत. त्यात ग्रासणं सरळ दिसतं. अलीकडे त्याच्या जागी ‘प्रकल्पबाधित’ जास्त दिसतो. बाधा अन्नाचीही होते. या दोन शब्दांवर आमचा एक अख्खा शनिवार गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

लंडनहून मराठीत

ऑर्वेल आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. तो जन्मला बिहारमध्ये, मोतीहारीला, १९०३ साली. वडील सरकारी अफू खात्यात. स्वतः पाच वर्षं ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. पण मुलांचे कान टवकारतात ते पुढच्या गोष्टीला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३, तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करत होता. युद्धाच्या घडामोडींवरचा मजकूर तो इंग्रजीत लिहायचा, त्याची भाषांतरं व्हायची आणि ती लंडनहून हिंदुस्थानी भाषांत प्रसारित व्हायची. त्या भाषांत मराठीही होती. वेणू चितळे या मराठी लेखिका त्याच विभागात त्याच्या सहकारी होत्या. पुढं त्यांनी इंग्रजीत कादंबरीही लिहिली.

म्हणजे १९४२ साली, इथं ‘चले जाव’ चालू असताना, कुणा मराठी घरातल्या रेडिओवर ऑर्वेलनं लिहिलेला मजकूर मराठीत ऐकू येत असेल. तो सेन्सॉरच्या हातून गेलेला मजकूर असायचा. फॅसिझमशी लढणाऱ्या सरकारची बाजू मांडायची, आणि तेच सरकार हिंदुस्थानात पुढाऱ्यांना तुरुंगात टाकतंय, या कात्रीत तो दोन वर्षं बसला. शेवटी आपण स्वतःचा वेळ आणि लोकांचा पैसा वाया घालवतोय असं लिहून त्यानं राजीनामा दिला. ‘१९८४’ प्रसिद्ध झाली जून १९४९ मध्ये, आणि जानेवारी १९५० मध्ये तो क्षयानं गेला.

हे कळल्यावर विन्स्टनकडे बघण्याची मुलांची नजर बदलते. तोवर तो बिचारा नायक असतो. आता तो कामाला जाणारा, पगार घेणारा, आपलं काम नीट करणारा माणूस होतो, आणि लेखकानं तो बाहेर उभं राहून रंगवलेला नाही हे जाणवतं.

सोयीची गोष्ट

दडपशाहीची गोष्ट समजायला तशी सोपी. तिथं खलनायक असतो, मिशा असतात, पोस्टर असतं. त्याहून अवघड, आणि माझ्या मते आजच्या मुलांना जास्त जवळची, ती सोयीची गोष्ट. तिच्यासाठी आम्ही ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा वाचतो. ती १९०९ मधली आहे. हाच फॉर्स्टर पुढं १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा, म्हणजे तुकोजीराव पवारांचा, खासगी चिटणीस होता. मराठी संस्थानाच्या दरबारात गोकुळाष्टमी पाहिलेला माणूस.

कथेत माणसं जमिनीखाली राहतात, प्रत्येक जण मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकेका खोलीत. बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की आंघोळीचं पाणी, बटण दाबलं की संगीत. हातात एक गोल तबकडी, तिच्यात जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचा चेहरा दिसतो. १९०९ मध्ये! एक आई आहे, तिला हजारो माणसं ओळखतात, ती तबकडीवरून दहा मिनिटांची व्याख्यानं देते आणि सदैव घाईत असते. तिचा मुलगा म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटायचंय. आई म्हणते, दिसतोयस की तू मला. तो म्हणतो, तबकडीत तुझ्यासारखं काहीतरी दिसतं, तू दिसत नाहीस.

या संवादाशी वर्ग हमखास गप्प होतो. आमच्यातल्या दोघांचे वडील आखातात आहेत. त्यातला एक म्हणाला, ‘‘पण बाई, तबकडी नसती तर तेवढंही दिसलं नसतं.’’ बरोबर आहे त्याचं. गोष्टीला असं उत्तर देणारा मुलगा गोष्ट नीट वाचतोय असं मी समजते. फॉर्स्टरचं सगळंच पटलं पाहिजे असं कुठं आहे?

पण कथेचा सर्वांत बारीक भाग शेवटाकडे आहे. यंत्र बिघडू लागतं. एकदम नाही. आधी संगीतात खरखर येते. लोक तक्रार करतात, समिती म्हणते लक्ष घालतो. काही दिवसांनी लोकांना त्या खरखरीची सवय होते. मग पाण्याला वास येऊ लागतो. त्याचीही सवय होते. दुरुस्ती करणारं यंत्रच बिघडलंय हे कळेपर्यंत, खोलीबाहेर जगता येतं ही गोष्टच कुणाच्या डोक्यात उरलेली नसते. मी मुलांना सांगते, प्रत्येक पायरीवर बोट ठेवा आणि सांगा, इथं तुम्ही काय केलं असतंत? पहिल्या खरखरीला कुणीच काही केलं नसतं. प्रामाणिक उत्तर हेच. मग कितव्या पायरीला? इथं भांडणं होतात, आवाज चढतात, ग्रंथपाल दारातून डोकावून जातात.

एकदा याच चर्चेतून शाळेतल्या सीसीटीव्हीचा विषय निघाला. बहुतेक मुलं कॅमेऱ्याच्या बाजूची. चोऱ्या थांबल्या, मारामाऱ्या कमी झाल्या. मी विरोध केला नाही, फक्त विचारलं, त्यात टिपलेलं कोण बघतं आणि किती दिवस ठेवतात? कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी दोघं विचारून आले, तर शाळेतही नक्की कुणाला माहीत नव्हतं. मग ‘१९८४’मधल्या, सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या ‘बिग ब्रदर’ या हुकूमशहावरून गाडी अर्थातच ‘बिग बॉस’वर गेली. ऑर्वेलच्या पोस्टरवरच्या त्या नावावरून १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये टीव्हीचा खेळ निघाला आणि त्याचीच मराठी आवृत्ती आपल्याकडे २०१८ पासून घरोघरी आली, हे ऐकून मुलं चाट पडली. ज्याला घाबरायचं तोच करमणुकीचा कार्यक्रम झाला, आणि त्यात जायला लोकांच्या उड्या पडतात! यावर मला काही बोलावंच लागलं नाही.

उर्सुला ले ग्विनची ‘ओमेलास’ची गोष्ट (१९७३) मी एका बैठकीत संपवते, कारण ती लहान आहे आणि जास्त ताणली तर तिचं प्रवचन होतं. सुंदर, सुखी शहर. अट एकच: तळघरात एक मूल कोंडलेलं राहिलं पाहिजे. सगळ्यांना ते माहीत आहे. बहुतेक राहतात, काही जण शहर सोडून निघून जातात. ‘‘निघून गेले त्यांनी तरी पोराला कुठं सोडवलं?’’ असं एका मुलीनं विचारलं. आपलं तळघर कुठं आहे, यावर मात्र उत्तरं लगेच आली. पुण्याला शिकायला असलेल्या भावाकडून एकीनं फुरसुंगीचं नाव ऐकलं होतं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला, विहिरींचं पाणी गेलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. दुसऱ्यानं गटारात उतरणाऱ्या माणसांचं सांगितलं. त्यावर १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे, तरी माणसं उतरतातच.

गडबड कुठं होते

आता थोडं उलट बाजूनं. या गोष्टी वाचून मूल आपोआप जागरूक वगैरे होत नाही. नुसती वाचायला दिली आणि चर्चा केली नाही, तर दोन गोष्टी होतात, दोन्ही मी पाहिल्या आहेत. पहिली म्हणजे उदासपणा. ‘काही उपयोग नसतो, शेवटी तेच जिंकतात.’ विन्स्टन शेवटी पार मोडतो, तेव्हा हे वाटणं साहजिक आहे. तेव्हा मी कादंबरीच्या अगदी शेवटचं परिशिष्ट काढते. त्यात त्या कापलेल्या भाषेची माहिती आहे, पण ती सरळ इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेली. ‘अशी होती’, ‘असं करत असत’. म्हणजे हे लिहिणारा त्या राजवटीनंतरचा आहे का? काही वाचकांचा तसा तर्क आहे, काहींना तो मान्य नाही. आमच्याकडे मतदान झालं, बरोबरीत सुटलं.

दुसरी गडबड जास्त त्रासाची. प्रत्येकाला पुस्तकात आपला विरोधकच दिसतो. ज्याच्या घरी जो पक्ष नावडता, त्याला तो पक्ष म्हणजे डिस्टोपिया. मग चर्चा होत नाही, चहाच्या टपरीवरचं भांडण होतं. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे: आधी उदाहरण आपल्या बाजूचं द्यायचं. आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं, आपल्याला प्रिय असलेल्या माणसांचं. एकदा स्वतःच्या मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला का काढलं हे सांगावं लागलं, की माणूस पुढचं जपून बोलतो.

आणि वयाचंही बघावं. सहावी-सातवीला ही पुस्तकं देऊ नयेत असं माझं मत. ‘१९८४’मधले छळाचे भाग तर मी अकरावीलाही मोठ्यानं वाचत नाही, सांगते आणि पुढं जाते. तिसरं, ‘लेखकाने दिलेला संदेश पाच ओळींत लिहा’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये. तो विचारला की पोरं गाइडमधलं लिहितात आणि पुस्तक तिथंच मरतं.

घरचा अभ्यास

मार्गारेट ॲटवुडनं ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) लिहिताना स्वतःला एक नियम घालून घेतला होता: जगात कुठं ना कुठं, कधी ना कधी माणसांनी खरोखर केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. ही कादंबरी मी मुलांबरोबर वाचत नाही, पण तिचा नियम उसना घेते. ‘असं होईल का’ याच्या जागी ‘असं कुठं होऊन गेलंय का’ हा प्रश्न.

यंदा घरचा अभ्यास होता, आजी-आजोबांना आणीबाणीबद्दल विचारून या. आधी मी थोडं सांगितलं होतं: जून १९७५ ते मार्च १९७७, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, काही संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली ती. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत व्यासपीठावरून उघड बोलल्या आणि पुढं त्यांना अटक झाली ती. मुलांना वाटलं घरोघरी अशाच गोष्टी मिळणार.

तशा मिळाल्या नाहीत. बहुतेकांची वही जवळजवळ कोरी. ‘आम्हाला काही जाणवलं नाही.’ ‘कचेरीत साहेब वेळेवर यायचे.’ ‘नसबंदीची भीती होती, बाकी ठीक.’ एक मुलगा तर हिरमुसला होता. त्याच्या आजीनं स्वच्छ सांगितलं होतं, काही वाईट नव्हतं रे तेव्हा. वही मिटायला लागला, तर ती दळण निवडता निवडता म्हणाली, फक्त शेजारच्या मास्तरांच्या घराला वर्षभर कुलूप होतं.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काही नाही. मास्तर कुठं होते विचारलं, तर म्हणाली आम्ही नाही विचारलं.’’ त्यानं वहीत ते वाक्य लिहून आणलं होतं, तारखेसकट. पुढच्या शनिवारी तो मास्तरांच्या मुलाकडे जाणार आहे, ते अजून त्याच गल्लीत राहतात.